गवा काळाच दिसायला पायजे: रंकाळा ते दाजीपूर, फोटो कसे काढायचे

दाजीपूरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गव्यांच्या अभयारण्यात जाऊन आलेल्या माणसाचे फोटो बघा, दहातल्या आठ जणांचा गवा राखाडी आणि मागचं गवत पांढरंफटक. मग विचारणार, लेन्स बदलू काय? नको ओ, पैसे ठेवा खिशात. दोष लेन्सचा नाय, कॅमेऱ्यात उजेड मोजणारा मीटर असतो त्याचा आहे, त्याला समोर जे काय असेल ते मध्यम करड्या रंगाचं करायची सवय असते, काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे आणि तो फोटो उजळतो, पांढरं दिसलं की उलटं.

यावर इलाज म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, कॅमेऱ्यावर प्लस-मायनसचं बटण असतं ते, प्लस केलं की फोटो उजळतो, मायनस केलं की गडद होतो. गव्यानं फ्रेम भरली असेल तर -0.7 किंवा सरळ -1. बरोबर जमलं का ते बघायला गव्याचे पाय बघायचे. गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखा पांढरट भाग असतो, स्क्रीनवर झूम करा, तिथले केस दिसले पायजेत, नुसता पांढरा ठिपका दिसला तर अजून मायनस करा.

याची प्रॅक्टिस कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर फुकट होते. सकाळी चौपाटीच्या बाजूला उभं राहिलं की सूर्य पाठीमागं, पक्ष्यांवर समोरून उजेड. बगळा घ्या. आता इथं गंमत आहे, बगळा जवळ असून फ्रेम भरली तर प्लस करायचं, पण तोच बगळा लांब आणि भोवती काळपट पाणी असेल तर मायनस, कारण मीटर पाण्याला भुलतो आणि बगळ्याची पिसं जळून जातात, म्हणजे नुसती पांढरी होतात. मेनूत हायलाइट अलर्ट चालू ठेवा, जळालेला भाग लुकलुकतो. संध्याकाळी त्याच जागेवरून शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य जातो, तेव्हा पक्ष्यांच्या रंगाचा नाद सोडा आणि सिल्हूट, म्हणजे नुसती काळी आकृती घ्या.

शटरचं थोडक्यात सांगतो. उडणाऱ्या पक्ष्याला सेकंदाच्या 1/1600 च्या आसपास, उभ्या गव्याला 1/250 पण चालतं, पण हात टेकवायला काहीतरी पायजे, जुन्या जीन्सचा पाय कापून शिवा, त्यात तांदूळ भरा, झाली बीनबॅग, जीपच्या खिडकीवर ठेवायची आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं. मॅन्युअल मोड (शटर आपण ठरवायचं) आणि ऑटो आयएसओ (उजेड कमी पडला की कॅमेरा स्वतःच फोटो उजळतो) ठेवा, बऱ्याच कॅमेऱ्यांत प्लस-मायनस त्यातही चालतं. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. आयएसओ 3200 वर गेला म्हणून घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाय.

आणि जीपमधून उतरायचं नाय. एकटा फिरणारा नर गवा शांत उभा दिसतो पण त्याचा भरोसा नाय भावांनो. फ्लॅश नको, घरट्याजवळ जाणं तर अजिबात नको. अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, निघायच्या आधी वनविभागाकडं चौकशी करा.

पावसाळ्यात मग मसाई पठार. पन्हाळ्याच्या पुढं गेलात की धुकं असं येतं की समोरची गाडी दिसत नाय, आणि कॅमेरा ते सगळं धुकं मळक्या धोतरासारखं करून ठेवतो. +0.7 ते +1 करा. नुसतं धुकं काढून उपयोग नाय, जवळ एखादा दगड, म्हैस, छत्री घेतलेला माणूस असलं काहीतरी पायजे. सप्टेंबरात फुलं आली की पोटावर झोपून काढा, पण फुलांवर नको, वाटेवर झोपा.

राऊतवाडीच्या धबधब्याला ट्रायपॉड, पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) आणि अर्ध्या सेकंदाच्या जवळपास शटर, पाणी मऊ होतं. तुषार लेन्सवर बसतात, दर दोन फोटोंनंतर पुसायचं. घरी आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात टाकू नका, आपल्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाय. सगळं पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पुड्या दमट झाल्या की बदला.