जुन्या फियाटला जीपीएस ट्रॅकर: निवड, जोडणी आणि चोरी झालीच तर

जुनी गाडी चोरायला ती सुरू करावी लागतेच असं नाही. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या सगळ्यांची फियाट, कुणी दोरीने टेम्पोमागे बांधून ओढत नेत असेल तर तिला कुणी अडवत नाही. बंद पडली असेल असं समजून लोक धक्का मारायला पुढे येतात. ट्रकवर चढवलेली अँबॅसॅडर दिसली तर ती गॅरेजला चालली आहे असंच सगळ्यांना वाटतं. आणि चोराला गाडी सुरू करायचीच असेल तर तेही अवघड नाही. या गाड्यांच्या किल्लीत चिप नाही, ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर नाही. बॅटरीपासून कॉइलपर्यंत (स्पार्क प्लगला वीज पुरवणारा भाग) एक वायर ओढली की इंजिनला किल्लीची गरजच उरत नाही. घासलेल्या कुलपात तर कधी कधी दुसऱ्या फियाटची किल्लीही फिरते.

म्हणून नव्या गाड्यांसाठी दिलेला सल्ला जुन्या गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही. इग्निशन चालू झाल्यावर मेसेज पाठवणारा ट्रॅकर इथे कामाचा नाही. गाडी बंद असताना हलली तरी तुम्हाला उठवणारा, आणि गाडीची बॅटरी उतरली किंवा काढली तरी जिवंत राहणारा ट्रॅकर हवा. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी गाडीची वीज ओळखा

खरेदीच्या आधीचं हे काम बहुतेक जण टाळतात. बॉनेट उघडा आणि दोन गोष्टी बघा: बॅटरी किती व्होल्टची आहे आणि तिचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय.

फियाट १२ व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, त्यामुळे काही अडचण नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप किंवा साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतची फोक्सवॅगन बीटल मात्र ६ व्होल्टची. बाजारातले बहुतेक वायरवाले ट्रॅकर साधारण ९ व्होल्टच्या खाली चालत नाहीत, त्यामुळे अशा गाडीत स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, वायर नसलेला ट्रॅकरच घ्यावा. आणि जुन्या गाडीत ओबीडी पोर्ट (नव्या गाड्यांत बिघाड तपासायचं यंत्र जोडायचं सॉकेट) नसल्याने ‘नुसता खोचा आणि विसरा’ छापाचे ट्रॅकर आपल्यासाठी नाहीतच.

खरी काळजी घ्यायची ती जुन्या ब्रिटिश गाड्यांत. त्यांतल्या अनेक पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे त्यांची सगळी बॉडीच पॉझिटिव्ह. वायरिंगवाला सवयीने ट्रॅकरची काळी वायर बॉडीला लावायला जातो. इथे उलट करायचं: लाल वायर बॉडीला आणि काळी वायर फ्यूजमधून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला. त्यातही एक मेख आहे. ट्रॅकरचं धातूचं कव्हर किंवा बाहेरच्या अँटेनाचा धातूचा भाग आतून बहुधा काळ्या वायरीशी जोडलेला असतो. तो बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. म्हणून अशा गाडीत प्लास्टिकच्या कव्हरचाच ट्रॅकर घ्या, आणि तरीही तो रबरात गुंडाळून बसवा. हे काम पॉझिटिव्ह अर्थ माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तसा मिळत नसेल तर सरळ बिनवायरचा ट्रॅकर घ्या.

कुठला ट्रॅकर घ्यावा

ट्रॅकरमध्ये दोन वेगळी यंत्रं असतात. एक सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकून जागा काढतं. दुसरं सिमकार्डच्या नेटवर्कवरून ती जागा तुमच्या फोनला कळवतं. पहिलं चांगलं आणि दुसरं रद्दी असेल तर गाडी कुठे आहे ते फक्त ट्रॅकरला कळतं, तुम्हाला नाही. स्वस्तातले बरेच ट्रॅकर फक्त २जीवर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्क नाहीच. म्हणून ४जीवर चालणारा आणि गरज पडल्यास २जीवर उतरणारा ट्रॅकर घ्या. गाडी जिथे उभी असते तिथे कुठल्या कंपनीची रेंज येते हे स्वतःच्या फोनवर बघून मगच सिम ठरवा. कोकणातल्या घराच्या पडवीत आणि पुण्यातल्या सोसायटीच्या तळघरात उत्तर वेगळं येतं.

याशिवाय आत स्वतःची छोटी बॅटरी, हालचाल ओळखणारा सेन्सर, आणि मुख्य वायर तोडली की लगेच इशारा, या तीन गोष्टी नसतील तर तो ट्रॅकर घेऊ नका.

जमल्यास दोन ट्रॅकर लावा, हा माझा आग्रह आहे. एक वायरवाला, जो गाडी हलताच सांगेल. दुसरा बिनवायरचा, जो दिवसातून एकदाच जागा होऊन ठिकाण पाठवतो आणि म्हणून कित्येक महिने चालतो. पहिला चोराने शोधून फेकला तरी दुसरा मागे राहतो. जुनी गाडी टिंकरिंग आणि पेंटिंगसाठी महिनोन्‌महिने गॅरेजात पडून असते, तेव्हाही हा दुसराच उपयोगी पडतो. तिथे बॅटरी काढलेली आणि वायरिंग सुटलेलं असतं, वायरवाला ट्रॅकर केव्हाच मेलेला असतो. गाडी रंगाच्या भट्टीत जाणार असेल तेवढ्या दिवसांपुरता मात्र हा बिनवायरचाही काढून घ्या.

एअरटॅगसारखे ब्लूटूथ टॅग स्वस्त पडतात, पण त्यांना स्वतःचं नेटवर्क नसतं. आसपास कुणाचा फोन असेल तरच ते बोलतात. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते. तिसरा पहारेकरी म्हणून ठेवायला हरकत नाही, एकट्यावर भिस्त नको.

बॅटरीचा हिशेब

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या मूळ स्थितीतल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते आणि नंबरात ‘व्हीए’ येतं. पण अशी गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल अशा कामांसाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे गाडी उभीच जास्त. आणि उभ्या गाडीची बॅटरी ट्रॅकर हळूहळू पितो.

सतत जागा राहणारा ट्रॅकर साधारण ४० मिलीअँपिअर घेतो असं धरा. दिवसाला झाले जवळजवळ १ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच आठवड्यांत निम्मी होते, आणि निम्म्या बॅटरीवर जुना स्टार्टर कण्हतो. तोच ट्रॅकर झोपेच्या मोडमध्ये ५ मिलीअँपिअरवर आला तर हीच बॅटरी निम्मी व्हायला कागदावर साडेचार महिन्यांहून जास्त लागतात. म्हणून घेताना ‘स्लीप करंट किती?’ हे विचाराच. बसवल्यावर मल्टिमीटर लावून स्वतः मोजा. गाडीजवळ प्लग असेल तर छोटा ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावून ठेवणं सगळ्यात उत्तम.

जागा आणि जोडणी

उपग्रहाचा संदेश पत्र्यातून जात नाही. काच, फोम, पुठ्ठा, रेक्झिन आणि जीपच्या ताडपत्रीतून जातो. त्यामुळे डिकी आणि बॉनेटखालची जागा बाद. बॉनेटखाली तर उष्णतेने आतली लिथियम बॅटरीही फुगते. मजल्यावरच्या कार्पेटखालीही नको. जुन्या गाडीत पावसाळ्यात पाणी कुठून ना कुठून शिरतंच.

फियाट आणि अँबॅसॅडरमध्ये मला सगळ्यात आवडते ती मागच्या काचेखालची जागा. मागच्या सीटची पाठ काढली की पार्सल शेल्फचा बोर्ड खालून दिसतो. पत्र्याला जिथे मोकळी जागा आहे तिथे बोर्डच्या खालच्या अंगाला ट्रॅकर चिकटवायचा. अँटेना ज्या बाजूला आहे ती बाजू वर, आकाशाकडे. बहुतेक ट्रॅकरवर तशी खूण असते. वरून काही दिसत नाही आणि काचेतून भरपूर आकाश मिळतं. भोक मात्र कुठेही पाडायचं नाही. दोन बाजूंनी चिकटणारी जाड टेप आणि केबल टाय पुरतात, उद्या काढलं तर गाडी होती तशीच राहते. बिनवायरचा ट्रॅकर याच्यापासून अगदी लांब ठेवा, पुढच्या सीटच्या फोममध्ये किंवा दरवाजाच्या कार्डमागे, म्हणजे आतल्या पुठ्ठ्याच्या पॅनेलमागे. दरवाजात ठेवलात तर काच खाली करून बघा, ती त्याला घासता कामा नये.

जोडणीचा नियम एकच: मूळ वायरिंगला हात लावायचा नाही. जुन्या गाडीतली कापडी आवरणाची वायर सोलली की आतलं तांबं काळं पडलेलं दिसतं आणि इन्सुलेशन बोटात चुरतं. तिथे मारलेला जोड पुढे कधीतरी आग लावतो. ट्रॅकरसाठी बॅटरीपासून वेगळी जोडी ओढा. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज घाला. वायर काळ्या कापडी टेपने गुंडाळून मूळ हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या बाजूने न्या, म्हणजे बघणाऱ्याला ती वेगळी कळत नाही. जोड नुसते पिळून टेप मारू नका, सोल्डरचा डाग द्या आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. गाडीला बॅटरी तोडायचा कट-ऑफ स्विच असेल तर ट्रॅकरची वायर स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घ्या. नाहीतर तुम्ही स्विच बंद करून झोपायला गेलात की ट्रॅकरही झोपेल.

रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच लावून फोनवरून इंजिन बंद करायची सोय अनेक जण मागतात. बहुतेक जुन्या गाड्यांत यांत्रिक पेट्रोल पंप असतो, त्यामुळे पंपाची वीज तोडणं शक्य नाही. कॉइलची वायर तोडावी लागते. करायचंच असेल तर रिलेच्या ३० आणि ८७ए या, रिलेला वीज नसताना जोडलेल्या राहणाऱ्या टोकांतून कॉइलची वायर न्या, म्हणजे ट्रॅकर बिघडला तरी गाडी चालू राहील. चालत्या गाडीचं इंजिन मात्र कधीही तोडू नका; रस्त्यावर दुसऱ्या कुणाचा जीव जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर हा रिले टाळाच. घाटात गाडी बंद पडली की पहिला संशय त्याच जोडावर घ्यावा लागतो. त्यापेक्षा लपवलेला कट-ऑफ स्विच आणि स्टीअरिंगला जाडजूड लॉक जास्त भरवशाचं. आणि ते लॉक बघूनच चोर परत फिरण्याची शक्यता असते, ट्रॅकर तर त्याला दिसतही नाही.

सेटिंग आणि चाचणी

पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. पुष्कळ ट्रॅकर १२३४५६ याच पासवर्डने येतात, आणि तो माहीत असलेला कुणीही तुमच्या गाडीचा पत्ता बघू शकतो.

मग जिओफेन्स, म्हणजे गाडीभोवतीचं अदृश्य कुंपण. ते १०० ते २०० मीटरचं ठेवा. इमारतींच्या मध्ये जीपीएसचा बिंदू उभ्या गाडीतही इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे २० मीटरचं कुंपण घातलंत तर रोज रात्री खोटा इशारा येईल आणि आठवडाभरात तुम्ही तो बघणंच सोडाल. तळघरात उपग्रह दिसतच नाहीत, तिथे कुंपणापेक्षा हालचालीच्या सेन्सरवर विसंबा. इशारा नुसत्या नोटिफिकेशनने नको, फोन कॉलने यावा. तो नंबर ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून वगळा, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही तो येऊ द्या.

आता चाचणी. किल्ली खिशात ठेवून, इंजिन बंद असताना, दोघांनी मिळून गाडी धक्का मारून थोडी पुढे न्या. फोन वाजायला किती वेळ लागला ते बघा. मिनिटभरात वाजला नाही तर सेन्सरची संवेदनशीलता वाढवा. मग बॅटरीची वायर काढा. त्याचाही इशारा आलाच पाहिजे. हे रात्री, गाडी नेहमीच्या जागी असताना करा. सिमच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये घाला आणि आतली छोटी बॅटरी दर पावसाळ्याआधी तपासा.

फोन वाजला आणि गाडी जागेवर नाही

स्वतः पाठलाग करू नका. ११२ ला फोन करा. गाडीचा नंबर, रंग आणि ती आत्ता कुठे, कुठल्या दिशेने चालली आहे ते सांगा. स्क्रीनशॉट वेळेसकट काढत राहा. लाइव्ह लोकेशन फक्त पोलिसांना द्या. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडीचा फोटो टाका, लिंक नको. गाडी हद्दीबाहेर गेली म्हणून कुणी ठाण्यातून परत पाठवत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. चॅसी आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो आधीपासून फोनमध्ये असू द्या. सुटे भाग वेगळे झाल्यावर ओळख पटवायला तेवढंच उरतं.

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई नाही, हे आजच पॉलिसी काढून बघा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालकाच्या संमतीने ठरते, तेव्हा रिस्टोरेशनची बिलं आणि फोटो दाखवून ती नीट ठरवून घ्या.

गाडी सापडली तरी ती लगेच हातात येत नाही. ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात, उन्हापावसात उभी राहते, आणि ५० वर्षांच्या पत्र्याला एक पावसाळा पुरे होतो. म्हणून गाडी जप्त झाल्याचं कळताच वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्दनाम्यावर, म्हणजे गाडी मागाल तेव्हा हजर करू या लेखी हमीवर ताबा मागा. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अशी वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत. फोटो, पंचनामा आणि हमी घेऊन ती सोडावीत. अर्जात याचा उल्लेख करायला वकिलांना सांगा. ताबा मिळेपर्यंत परवानगी घेऊन गाडीवर कव्हर घाला. घरी आणल्यावर इंजिन सुरू करण्याआधी कॉइलपासून बॅटरीपर्यंतचं वायरिंग तपासा, चोराने मारलेली वायर अजून तिथेच असेल. आणि दोन्ही ट्रॅकरच्या जागा बदला, जुन्या जागा आता बऱ्याच जणांना माहीत झाल्या आहेत.