लिनक्सवर के३बी टाकताय? सीडी-डीव्हीडी वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

बाबांच्या गाडीतला स्टिरिओ जुना आहे, त्याला पेनड्राइव्हची जागाच नाही, फक्त ऑडिओ सीडी चालते, म्हणून त्यांच्यासाठी अभंगांची सीडी करायला बसलो आणि डेबियनवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) के३बी हा सीडी-डीव्हीडी लिहिणारा प्रोग्रॅम टाकला. एमपीथ्री ओढून आत टाकल्या तर एकही फाइल घेईना, म्हणे फॉरमॅट ओळखता येत नाही. दोन तास गेले. शेवटी कळलं की प्रोग्रॅम टाकताना जागा वाचवायला मी रेकमेंडेड पॅकेजेस (मुख्य प्रोग्रॅमसोबत सुचवलेले जोड-भाग) बंद केली होती, आणि एमपीथ्री वाचणारं एक्स्ट्राकोडेक्सचं पॅकेज नेमकं त्यातच होतं.

ही चूक खूप जण करतात. के३बी काय, त्याच्यासारखाच ब्रासेरो काय, समोर दिसते ती नुसती खिडकी असते, बर्न करण्याचं, म्हणजे डिस्कवर लिहिण्याचं, बरंचसं खरं काम मागची छोटी टूल्स किंवा लायब्ररी करतात. के३बीमध्ये सीडीसाठी सीडीरेकॉर्ड किंवा वोडिम, डीव्हीडीसाठी ग्रोआयएसओएफएस, शिवाय सीडीआरडीएओ. यातलं एखादं नसलं तरी प्रोग्रॅम मस्त उघडतो, सगळी बटणं दिसतात, आणि बर्न दाबलं की लाल एरर. त्यामुळे इन्स्टॉल झाल्या झाल्या आधी के३बीच्या सेटिंगमध्ये प्रोग्रॅम्सची यादी उघडा, कुठलं टूल सापडलं आणि कुठलं नाही ते तिथे सरळ दिसतं. आणि रेकमेंडेड पॅकेजेस येऊ द्या हो, थोड्या एमबीसाठी कशाला जीव काढायचा.

वोडिमबद्दल थोडं सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. २००६ मध्ये लायसन्सच्या वादातून डेबियनवाल्यांनी सीडीरेकॉर्डचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळी आवृत्ती, काढला, त्याचं नाव सीडीआरकिट, आणि त्यातलं बर्न करणारं टूल म्हणजे वोडिम. त्याचं शेवटचं व्हर्जन २०१० चं. सीडीला ते चालून जातं, डीव्हीडीला मात्र त्याच्या भरवशावर राहू नका, ग्रोआयएसओएफएस किंवा झॉरिसो घ्या. आणि काही सिस्टिमवर सीडीरेकॉर्ड नावाने कमांड दिली तरी आत वोडिमच चालतं, व्हर्जन विचारलं की खरं नाव कळतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे कुठूनतरी डेब फाइल (डेबियनसाठीच्या प्रोग्रॅमचं पॅकेज) उतरवायची आणि डीपीकेजी या कमांडने टाकायची. डीपीकेजी डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी बाकीची पॅकेजेस, आणून देत नाही, नुसता सांगतो की अमुक लायब्ररी नाही, मग लोक ती लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनमधून उचलून आणतात, कुणी तर जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) करून नवीन लायब्ररीला जोडतं! असं अजिबात करू नका, आज एक प्रोग्रॅम चालेल आणि उद्या दुसरेच चार बंद पडतील. फाइल टाकायचीच असेल तर एपीटीलाच (डेबियनचं पॅकेज टाकणारं मुख्य टूल) त्या फाइलचा पूर्ण पाथ द्या, तो बाकीचं बघतो. आधीच बिघडलं असेल तर एपीटीचा फिक्स-ब्रोकन चालवा, पण तो काय काय काढतोय ते वाचूनच होय म्हणा.

परमिशनचा एरर आला की सगळे सुडोने, म्हणजे रूट या मुख्य अॅडमिनच्या अधिकाराने, के३बी उघडतात. नको. रूटच्या नावाने सेटिंगच्या फाइली तयार होऊन बसतात आणि नंतर साध्या युजरला त्रास होतो. ड्राइव्हच्या एसआरझिरो (/dev/sr0) फाइलवर एलएस एल (ls -l) ही कमांड मारून बघा, परमिशनच्या अक्षरांनंतर अधिकचं चिन्ह दिसलं तर बहुतेक वेळा मशीनसमोर बसलेल्या युजरला आधीच परवानगी मिळालेली असते. नसेल तर सीडीरॉम ग्रुपमध्ये जा, आर्च नावाच्या लिनक्सवर त्याचं नाव ऑप्टिकल. पण ग्रुपमध्ये नाव घालणारी युजरमॉड कमांड चालवताना मोठ्या जीसोबत छोटा ए (-aG) विसरलात तर बाकीच्या ग्रुपमधून तुमचं नाव उडतं, सुडोमधूनसुद्धा, मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरावं लागतं. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत या, नाहीतर काहीच बदललेलं नाही असं वाटेल.

जागेचं पण बघा. इमेज, म्हणजे डिस्कवर जायची पूर्ण फाइल, आधी टेंप (/tmp) फोल्डरमध्ये बनत असेल आणि डेबियन १३ वर असाल तर तो फोल्डर डीफॉल्टने रॅममध्ये असतो, जास्तीत जास्त रॅमच्या निम्मा. ८ जीबी रॅमवर भरलेली डीव्हीडी त्यात मावणार नाही, मध्येच थांबेल. सेटिंगमध्ये होममधला फोल्डर द्या. आणि ४.७ जीबीची डीव्हीडी फाइल मॅनेजरमध्ये बऱ्याचदा ४.३८ अशी दिसते, कारण मोजायची पद्धत वेगळी, डिस्क खराब नाही.

तरीही अडलंच तर के३बीच्या एरर खिडकीत डीबगिंग आउटपुटचं बटण आहे, खरं कारण तिथे असतं, मदत मागताना तोच मजकूर द्या. प्रयोग करायला आरडब्ल्यू डिस्क वापरा, पुसून परत लिहिता येते, पण गाडीतले बरेच जुने स्टिरिओ आरडब्ल्यू वाचत नाहीत, म्हणून बाबांची शेवटची कॉपी मी साध्या सीडी-आरवर, ड्राइव्हने दाखवलेल्या सगळ्यात कमी स्पीडला काढली.