वैतागाला नाव कसं ठेवावं

रोजच्या वैतागासाठी मराठीत तयार माल भरपूर आहे. पोपट होतो, डोक्याची मंडई होते, कामावर पाट्या टाकल्या जातात. पण मोबाइल हातात धरून ओटीपीची वाट बघताना होणाऱ्या तडफडीला अजून नाव नाही. ते घरच्या घरी पाडता येतं.

आधी वैताग बारीक चिरून घ्या. 'ट्रॅफिक' हा फार मोठा तुकडा, त्याला शब्द चिकटत नाही. 'सिग्नल हिरवा व्हायच्या आतच मागून वाजणारा हॉर्न' हा नेमका क्षण. वर्णन एका वाक्यात बसत नसेल तर दोन वैताग एकत्र झालेत, वेगळे करा.

मग एक क्षुल्लक वस्तू घ्या आणि तिला एक भारदस्त शब्द जोडा. ओटीपीविरह. दूधदगा. हा दुसरा जवळून बघण्यासारखा आहे. तापणाऱ्या दुधावर सायीचा पापुद्रा धरतो, खाली वाफ कोंडते आणि मग फेस एकदम वर येतो. म्हणजे बराच वेळ ढिम्म असलेलं दूध आपण पाठ फिरवताच शेगडीवर. याला 'दूधउतू' म्हटलं तर ती नुसती बातमी झाली. 'दगा' म्हटलं की दुधाला स्वभाव येतो. शिवाय दोन्ही पदं 'द'ने सुरू होत असल्याने शब्द तोंडातून सहज निघतो.

दुसरा साचा प्रत्ययांचा. फारसीतून आलेले '-खोर' आणि '-गिरी' कशालाही लागतात. भांडखोर, दादागिरी आपण रोज बोलतोच. रिक्षावाल्याने जवळचं भाडंही नाकारलं आणि लांबचंही, तर त्याने नकारगिरी केली.

तोडमोड न करता जुनाच शब्द नव्या कामाला लावणं सगळ्यात स्वस्त. पार्किंग शोधत फिरणं म्हणजे प्रदक्षिणा: 'आज तीन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा जागा मिळाली.' मोड म्हणजे सुटे पैसे, आणि मटकीला येतात तेही मोड. म्हणून दुकानदाराने सुट्यांऐवजी गोळ्या हातावर ठेवल्या की 'शंभराच्या नोटेला चॉकलेटचे मोड आले'.

बिघाड बहुतेक जोडावर होतो. संधी करू नका: ओटीपी अधिक अंत म्हणजे 'ओटीप्यंत', व्याकरण खूश आणि ऐकणारा बुचकळ्यात. लांबीही आवरा. उच्चारात तीन-चार अक्षरं उत्तम; ओटीपीविरह काठावर पास. रेल्वेला 'अग्निरथ' म्हणून पुढे संस्कृतची मालगाडी जोडण्याचा विनोद जुना आहे, आणि तो एकदाच हसवतो.

पुढची पायरी बरेच जण गाळतात, ती विभक्तीची. सामासिक शब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं. दगा पुल्लिंगी, म्हणून दूधदगा झाला, दूधदग्याने ओटा घाण झाला, सकाळपासून दोन दूधदगे झाले. एवढं अडखळल्याशिवाय बोलता आलं तर शब्द चालू. क्रियापदही निवडून घ्या, कारण गंमत निम्मी तिथेच असते. पाट्या 'टाकतात', माती 'खातात'. विरह नुसता 'होऊ' नये, तो सोसावा.

दुसरा अर्थ तपासायला विसरू नका. अंगाला साबण लावलेला असताना दारावरची बेल वाजते, त्याला कोणी 'घंटास्नान' सुचवेल. पण बोलीत नुसत्या 'घंटा'चा अर्थ काय होतो ते ठाऊक असेलच, आजीसमोर पंचाईत. 'बेलस्नान' करा. ऐकताना श्रावणी सोमवारचा अभिषेक वाटतो, आणि डोळ्यात साबण गेलेला माणूस टॉवेल गुंडाळून कुरियर घेत असतो.

नाव प्रसंगाला द्या, माणसाला नको. जात, गाव, शरीर यांवरून पाडलेला शब्द चटकन पसरतो खरा, पण ती शिवी होते.

वापरताना अर्थ सांगायचा नाही. ओटा पुसता पुसता 'झाला दूधदगा' एवढंच म्हणायचं. दोन-तीन दिवस असं वापरूनही 'म्हणजे काय?' विचारलं जात असेल तर शब्द टाकून द्या, दुसरा पाडा. आणि चहा उतू गेल्यावर घरातलं कोणी 'चहादगा' म्हणालं, तर मूळ शब्द कोणाचा हे सांगत बसू नका. फडकं द्या.