एडियाकरन काळातील ठसा कसा वाचावा

एडियाकरन कालखंडातील जीवाश्म शोधायला निघालेल्याने हाडे, दात आणि शिंपले डोक्यातून काढून टाकावेत. सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या या कालखंडातील बहुतेक मोठे जीव सर्वांगाने मऊ होते. त्यामुळे खडकात उरला तो त्यांचा ठसा, आणि तोही बहुधा इतका उथळ की भर दुपारी त्यावरून चालत गेलो तरी तो दिसत नाही. येथे हातोडीचा उपयोग जवळजवळ नाहीच; खडकाचा पृष्ठभाग वाचता आला पाहिजे.

पहिला प्रश्न असा, की पाहायचे कोणत्या बाजूला. ज्या टेकड्यांवरून या काळाला नाव मिळाले, त्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकरा टेकड्यांमध्ये रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाला १९४६ मध्ये हे ठसे आढळले. तेथे ते प्रामुख्याने वालुकाश्माच्या लादीच्या खालच्या अंगाला असतात. समुद्रतळावरील जीवांवर वादळाने वाळू पसरली, जीव कुजून गेले आणि त्यांचा आकार वरच्या वाळूच्या तळाशी साच्यासारखा राहिला. त्यामुळे सुटून पडलेल्या लादीची फक्त वरची बाजू पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील मिस्टेकन पॉइंट येथे मात्र नेमके उलट आहे. तेथे ज्वालामुखीची राख जीवांवर पडली आणि ठसे थरांच्या वरच्या पृष्ठभागावर राहिले. याच राखेतील झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून थरांचे वय काढता येते, हा त्या जागेचा आणखी एक लाभ.

बाजू ठरली की ठशाच्या आधी त्याच्याभोवतीचा पोत पाहावा. त्या काळी समुद्रतळावर सूक्ष्मजीवांची जाड साय पसरलेली असे. तिला खरवडून खाणारे किंवा खोलवर उकरणारे प्राणी अजून फारसे नव्हते. ही साय खडकात हत्तीच्या कातडीसारख्या बारीक सुरकुत्यांच्या रूपाने दिसते. असा पोत दिसला तर त्या लादीवर वेळ घालवणे योग्य ठरते. उलट, थरांना फांद्या फुटल्यासारखी बिळे आरपार जात असतील तर आपण बहुधा एडियाकरननंतरच्या कँब्रियन काळात पोहोचलो आहोत, असे समजावे. त्या काळाची सुरुवातच ट्रेप्टिक्नस पेडम या बिळाच्या खुणेवरून ठरवली आहे.

यानंतरचे काम उजेडाचे. ऊन तिरपे असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पाहावे. इतर वेळी लादीवर सावली धरून विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवावी आणि सावकाश चारही बाजूंनी फिरवावी. एका बाजूने उजेड आला असता सपाट वाटणारा दगड दुसऱ्या बाजूने उजेड येताच अचानक फासळ्या दाखवू लागतो. छायाचित्र घेतल्यास उजेड कोणत्या दिशेने होता हे लिहून ठेवावे, कारण दिशा माहीत नसेल तर खळगा उंचवट्यासारखा भासतो, आणि ही फसवणूक अनुभवी डोळ्यालाही चुकत नाही.

आकार स्पष्ट झाला की त्याची सममिती तपासावी. डिकिन्सोनिया हा लंबगोल, फासळ्या असलेला ठसा. त्याच्या मधल्या रेषेपाशी भिंग धरून डाव्या आणि उजव्या फासळ्या समोरासमोर भेटतात की एक सोडून एक सरकलेल्या आहेत ते पाहावे. चार्नियाच्या पर्णासारख्या आकारात हे सरकणे अधिक ठळक असते आणि मधली रेषा नागमोडी होते. ट्रायब्रॅकिडियमला तीन वळणदार भुजा असतात. किंबरेलाच्या ठशाजवळ पंख्यासारखे ओरखडे आढळतात, म्हणजे साय खरवडणाऱ्या थोड्यांपैकी हा एक. साध्या गोल चकतीबाबत मात्र हात आखडता घ्यावा: ती पर्णासारख्या जीवाचा तळाशी रुतलेला गड्डा असू शकते, किंवा वायूचा बुडबुडा सुटल्याची खूणही.

नुसत्या साम्यावर निष्कर्ष काढला तर काय होते, याचे उदाहरण मध्य प्रदेशातील भीमबेटका येथे घडले. तेथील एका शैलाश्रयाच्या छतावरील आकृती डिकिन्सोनिया असल्याचे २०२१ मध्ये शोधनिबंधात मांडले गेले. नंतर दुसऱ्या संशोधकांनी जागेवर जाऊन पाहिले, तेव्हा ती आकृती झडू लागली होती, आणि २०२३ मध्ये ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष असल्याचे त्यांनी दाखवून दिले. म्हणून प्रत्येक आकृतीला दोन प्रश्न विचारावेत: ती खडकाच्या थराचाच भाग आहे की वरून चिकटलेली आहे, आणि त्याच थरावर तशीच दुसरी आकृती आहे का? मँगेनीजच्या झाडासारख्या नक्ष्या याच पहिल्या प्रश्नाला अडखळतात. त्यांना उंचवटा नसतो, फक्त रंग असतो.

ठसा खरा वाटला तरी लादी उचलू नये आणि ठसा उठून दिसावा म्हणून त्यावर खडू किंवा तेल फासू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून वेगवेगळ्या दिशांच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत, लादीची वरची बाजू कोणती होती आणि ती मूळ थरात होती की सुटून पडलेली, हे त्याच ठिकाणी नोंदवावे, आणि ती नोंद जवळच्या भूशास्त्र विभागाकडे किंवा संग्रहालयाकडे पाठवावी.