डायनॅमिक नेबर आणि बीजीपीचा पासवर्ड: या चुका टाळा

इंदूरच्या सियागंजातील एखाद्या पेढीच्या देवास, महू आणि पीथमपूर येथील शाखा टनेलवरून (आभासी जोडणीवरून) मुख्य कार्यालयाशी जोडताना एफआरआर या लिनक्सवरील राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शाखा स्वतंत्र न लिहिता 'बीजीपी लिसन रेंज' (बीजीपी, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल, कोणत्या आयपी पत्त्यांवरून स्वीकारायचा तो पट्टा) देऊन सगळ्या एकाच पीअर-ग्रुपमध्ये (सामायिक सेटिंगच्या गटात) घेणे सोयीचे पडते. मात्र पासवर्ड शाखेच्या आयपी पत्त्यावर लावायला जाणे ही येथील नेहमीची चूक आहे. असा 'डायनॅमिक' नेबर (समोरचा राउटर) कॉन्फिगमध्ये लिहिलेलाच नसतो, म्हणून पासवर्ड पीअर-ग्रुपलाच द्यावा लागतो आणि रेंजमधील सर्व शाखांना तोच लागू होतो. शिवाय लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ४.१३ किंवा त्यापुढचे हवे, कारण त्याआधी एमडी५ची (पासवर्डवरून प्रत्येक पॅकेटवर सही करण्याच्या पद्धतीची) किल्ली संपूर्ण रेंजला लावण्याची सोयच नव्हती.

सेशन जुळले नाही की पासवर्ड पुन्हापुन्हा टाइप करत बसणे ही त्याहून महागात पडणारी चूक. सही न जुळलेले पॅकेट कर्नल परस्पर टाकून देतो. बीजीपीच्या लॉगमध्ये काही उमटत नाही आणि नेबर डायनॅमिक असल्यामुळे मुख्य कार्यालयाच्या बीजीपी समरीत (नेबरांच्या यादीत) त्याची ओळसुद्धा दिसत नाही. अशा वेळी मुख्य राउटरवर 'एनस्टॅट' (कर्नलचे नेटवर्कचे आकडे दाखवणारी आज्ञा) चालवून एमडी५चे तीन आकडे पाहावेत. 'नॉट फाउंड' वाढत असेल तर शाखेने पासवर्ड लावलेलाच नाही. 'अनएक्स्पेक्टेड' वाढत असेल तर सही आली आहे, पण त्या पत्त्यासाठी आपल्याकडे किल्ली नाही. बहुधा शाखेचा राउटर टनेलऐवजी लूपबॅकच्या (राउटरच्या स्वतःच्या आभासी इंटरफेसच्या) पत्त्यावरून बोलत असतो आणि तो पत्ता रेंजबाहेर पडतो. 'फेल्युअर' वाढला तरच पासवर्डवर संशय घ्यावा. सिस्कोच्या राउटरच्या कॉन्फिगमधील '७' (पासवर्ड सांकेतिक रूपात असल्याची खूण) आणि त्यापुढची सांकेतिक अक्षरे जशीच्या तशी उचलून एफआरआरमध्ये चिकटवली, की हेच होते. वाटेत नॅट (पॅकेटमधील आयपी पत्ते बदलणारी सोय) असेल तर मात्र पासवर्ड अचूक असूनही सही फसते, कारण तिच्या हिशेबात दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते धरलेले असतात.

काही शाखा जुळतात आणि नव्या जुळत नाहीत, असे असेल तर 'लिसन लिमिट' (किती डायनॅमिक नेबर घ्यायचे ती मर्यादा) पाहावी. मुळात ती १०० असते.

चालू पासवर्ड बदलताना सेशन तुटणारच, म्हणून बाजार बंद झाल्यावर, आधी शाखेचा आणि मग मुख्य कार्यालयाचा बदलावा. शाखेत लॉगिन टनेलच्या थेट पत्त्यावरून करावे. बीजीपीने शिकलेल्या रूटवरून केले, तर पासवर्ड बदलताच आपलेच लॉगिन तुटते आणि पीथमपूरपर्यंत जाणे भाग पडते.