लॅपटॉपमध्ये स्लॉट ड्राइव्ह बसवण्याआधी

बाबांच्या लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह अजून चालतो. तरी येत्या रविवारी तो बदलायचा आहे, कारण बाबांचा उजवा हात आता थरथरतो. लॅपटॉपचा ट्रे नाजूक असतो. एका हाताने त्याला खालून आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने सीडी मधल्या खुंटीवर टक् आवाज येईपर्यंत दाबायची. निरोगी हाताला यात काहीच विशेष वाटत नाही, पण बाबांच्या दोन सीडी अशाच निसटून ओरखडल्या आणि एकदा बोट थेट लेन्सवर टेकलं. स्लॉट ड्राइव्हला ट्रेच नसतो. सीडी फटीत अर्धीअधिक सरकवली की पुढे यंत्र ती स्वतः ओढून घेतं. असा बदल घरी करू पाहणाऱ्यांसाठी, पेचकस हातात घेण्यापूर्वी काय काय झालेलं असावं, ते लिहितो आहे.

सर्वांत आधी जुन्या ड्राइव्हकडून त्याचं शेवटचं काम करून घ्या. ही पायरी लोक विसरतात आणि मग हळहळतात. साध्या स्लॉट ड्राइव्हमध्ये फक्त १२ सेंटिमीटरची, पूर्ण गोल डिस्क घालायची. ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क आत गेली तर ती अडकून बसते. अशा छोट्या डिस्क घरात नाहीत असं वाटत असेल, तर कपाटाचा वरचा खण एकदा उघडा. डिस्कवर चित्रण करणारे हँडीकॅम असायचे, त्यांच्या मिनी डीव्हीडी ८ सेंटिमीटरच्याच, एकीत १.४ जीबी, म्हणजे नेहमीच्या दर्जाचं जेमतेम अर्ध्या तासाचं चित्रण. आमच्याकडे पुतण्याच्या मुंजीच्या चार निघाल्या. त्यांतली एक संगणकाला रिकामी दिसत होती, कारण चित्रणानंतर ती फायनलाइझ, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद, केलेलीच नव्हती. ते काम त्याच कॅमेऱ्यात करावं लागतं, म्हणून कॅमेरा आणि त्याचा चार्जर शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. ती सार्थकी लागली. मुंजीतला आजीचा आवाज आता हार्ड डिस्कवर आहे.

कागदी लेबल चिकटवलेल्या डिस्कही याच वेळी बाजूला काढा. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी नवरानवरीचा फोटो छापून वर चिकटवलेला असतो. पुण्यामुंबईच्या दमट पावसाळ्यात त्याचा डिंक सुटतो आणि कडा वर येते. उघड्या ट्रेमध्ये ती निदान डोळ्यांना दिसते. स्लॉटमध्ये तीच कडा आत अडकते आणि मग अख्खा ड्राइव्ह उघडावा लागतो. लेबल ओढून काढायला मात्र जाऊ नका. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूलाच, अगदी पातळ लाखेखाली असतो आणि लेबलाबरोबर तोही सोलून येतो. आधी प्रत करा, मग मूळ डिस्क जपून ठेवा आणि स्लॉटसाठी प्रतच वापरा.

आता मापं. लॅपटॉपचे ड्राइव्ह मुख्यतः दोन जाडीचे मिळतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. पट्टीने अंदाज करू नका, व्हर्नियर कॅलिपर लावा. रुंदी दोन्हींत साधारण १२८ मिलिमीटर असते, त्यामुळे दुकानात ते सारखेच दिसतात. जुना ड्राइव्ह बाहेर ओढून मागची जोडणीही पाहा. बारीक पिनांची एकच लांब, ५० पिनांची जोडणी असेल तर तो आयडीई, म्हणजे जुन्या प्रकारच्या जोडणीचा. शेजारी शेजारी दोन चपट्या जिभा, एक ७ संपर्कांची आणि एक ६ संपर्कांची, असतील तर तो साटा, म्हणजे नंतरच्या प्रकारचा. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. शिवाय मागच्या जोडणीपासून पुढच्या तोंडापर्यंतची खोली मोजून लिहून ठेवा. तिच्यात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी एकतर जोडणी पूर्ण बसत नाही किंवा ड्राइव्हचं तोंड बाहेर डोकावतं. मागे एल आकाराची छोटी धातूची पट्टी असते, लॅपटॉपच्या तळाचा स्क्रू तिच्यातच जातो. तिची भोकं नव्या ड्राइव्हशी जुळतात का, तेही पाहा.

खरी मेहनत पुढच्या पट्टीची आहे. ट्रेवाल्या ड्राइव्हची प्लास्टिकची पट्टी ट्रेलाच जोडलेली असते, म्हणून ट्रेबरोबर तीही जाते. स्लॉट ड्राइव्ह ज्या लॅपटॉपमधून निघतात, त्यांच्या अंगातच फट असते, त्यामुळे ते बहुधा पट्टीशिवाय मिळतात. तुमच्याच मॉडेलची स्लॉटवाली आवृत्ती निघाली असेल तर तिची पट्टी मिळवण्याची खटपट जरूर करा. नसेल तर १ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पत्र्यातून ती कापावी लागते. मी तीन कापल्या, तिसरी जमली. फट १२० मिलिमीटरपेक्षा थोडी लांब हवी, उंचीला ४ मिलिमीटर पुरतात, आणि कडा बारीक पॉलिश पेपरने इतक्या घासायच्या की नखालाही खरखर लागू नये. ड्राइव्हच्या तोंडाशी धूळ अडवणारी मखमलीसारखी किनार असते. फट तिच्या बरोबर समोर आली पाहिजे. वीज न देता एक टाकाऊ सीडी हाताने थोडी आत सरकवून पाहा. ती पट्टीला कुठेही घासता कामा नये. डबल टेप लावणार असाल तर तिचा गोंद फटीपासून लांब ठेवा.

खरेदीसाठी पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. माल बहुतेक जुन्या लॅपटॉपमधून काढलेला असतो, म्हणून निदान आठवड्याची टेस्टिंग वॉरंटी मागा आणि ती बिलावर लिहून घ्या. दुकानात जाताना स्लिम साटा ते यूएसबी केबल आणि एक चालू लॅपटॉप जवळ ठेवा. केबल एकाच वेळी दोन यूएसबी पोर्टांत लावता येणारी, दोन तोंडांची घ्या, कारण यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागते. वीज कमी पडली की चांगला ड्राइव्हही बिघडल्यासारखा वागतो. तपासायला तीन डिस्क हव्यात: कारखान्यात छापलेली सीडी, तशीच डीव्हीडी आणि घरी राइट केलेली एखादी डीव्हीडी. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा असतो. दोन्ही वेगळे असल्यामुळे एक मेला तरी दुसरा खुशाल चालू असतो. आमच्या घरी नाटकांच्या व्हीसीडी भरपूर, आणि व्हीसीडी म्हणजे शेवटी सीडीच. नुसती डीव्हीडी लावून "चालतोय" म्हणणाऱ्या दुकानदारावर मी विसंबलो नाही. प्रत्येक डिस्क पाच वेळा आत-बाहेर करा आणि बाहेर आल्यावर तिच्यावर नवा ओरखडा उमटला नाही ना, ते उजेडात पाहा.

रीजन कोडही, म्हणजे कोणत्या भागातल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा आकडा, तिथेच बघून घ्या. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डीव्हीडी रीजन' दिसतं. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. हा कोड पाचच वेळा बदलता येतो आणि त्यानंतर ड्राइव्ह शेवटच्या रीजनला कायमचा बांधला जातो.

हत्यारांत शून्य नंबरचा आणि दोन शून्य नंबरचा फिलिप्स पेचकस, एक प्लास्टिकची पातळ पट्टी, आणि स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे. अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. इतकं पुरे.

स्लॉट ड्राइव्हच्या तोंडावर इजेक्टचं बटण नसतं आणि पिन घालून उघडायचं बारीक भोकही बहुतेकांत नसतं. म्हणून डिस्क बाहेर कशी येणार याची सोय ड्राइव्ह बसवण्याआधीच लावून ठेवा. बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे इजेक्ट ही एका शब्दाची आज्ञा डेस्कटॉपवरच्या एका आयकॉनला बांधली, त्याला 'सीडी बाहेर' असं नाव दिलं आणि आयकॉन मोठा केला. जुन्या ट्रेवरच बाबांकडून दोन दिवस सराव करून घेतला. लेन्स आता कापसाने पुसता येणार नाही, म्हणून डिस्क पुसायचा मऊ सुती रुमाल लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवला आहे. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

काढलेला ट्रेवाला ड्राइव्ह भंगारात देऊ नका. त्याच्या मापाची यूएसबी पेटी मिळते, तिच्यात घालून तो बाहेरून जोडता येतो. उरलेल्या छोट्या डिस्कसाठी तो माझ्या टेबलावर राहील.

पहिली कोणती सीडी लावायची ते बाबांनी ठरवलं आहे. छापील आहे, कागद चिकटवलेला नाही, ओरखडा नाही. काल त्यांनी स्वतः पुसून ती लॅपटॉपवर ठेवली.