कोण आहे ते माहीत नसलेलं पोर्ट्रेट कसं बघायचं

कोल्हापूरच्या शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लागलं की मी जातेच, आणि पोर्ट्रेटसमोर लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोण ओ ही?" आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांचं गाव आपलं, हुबेहूब काढलेलं बघतच नजर तयार झालीय, त्यामुळं असं विचारणं साहजिक आहे. पण मॉडर्न चित्रात बिननावाचं माणूस बसलेलं असेल तर हा प्रश्न जरा बाजूला ठेवा.

मोदिलियानी या इटालियन चित्रकाराचं एक चित्र मोबाईलवर उघडा, १९१८ च्या आसपासचं, लंडनच्या टेट या कलासंग्रहालयातलं, खेड्यातल्या पोराचं. डोक्यावर हॅट, गाल लालसर, हात मांडीवर. आधी चेहरा बघूच नका, हात झूम करा, बोटं नीट मोजता येतात का बघा, मग खांद्यापासून मनगटापर्यंतची कड हवेत बोटानं गिरवा. रेघ कुठं वळते, कुठं जाडी होते ते हाताला कळतं, नुसत्या डोळ्याला कळत नाही.

मग चेहऱ्याकडं या. मोदिलियानीच्या माणसांच्या माना लांब, नाक लांबट, डोळे बदामासारखे आणि कितीतरी चित्रांत बुबुळंच नाहीत. त्याला जमत नव्हतं म्हणून नव्हे हां, त्याआधी काही वर्षं तो दगडात डोकी कोरायचा आणि तोच दगड पुढं रंगात आला. अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींसमोर दोन मिनिटं थांबून या आणि परत हे चित्र बघा, फरक पडतो.

रंगासाठी डोळे बारीक करून बघा. बारकावे गेले की गडद कुठं, उजळ कुठं, मागची भिंत माणसाला पुढं ढकलते का गिळते, ते दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं, बिचारा गरीब असेल, दुःखी असेल अशी गोष्ट लगेच रचू नका. दुःखी वाटलाच तर कशामुळं वाटला ते चित्रात बोट ठेवून दाखवा, खांदा, तोंडाची रेघ, काहीतरी. दाखवता आलं नाही तर ते तुमच्या मनातलं आहे, चित्रातलं नाही.

आणि प्रदर्शनात चित्रकार स्वतः बसलेले असले तर "कोण आहे" ऐवजी "हनुवटीखाली हा हिरवा का लावला ओ?" असं विचारा, बहुतेक वेळा ते खुर्चीतनं उठून चित्राजवळच येतात.